वणावर पुन्हा वण

युरोफ्लोमेट्री ही तपासणी अगदी साधी आहे. रुग्णाने यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, आलेख आपोआप उमटतो. निरोगी तरुणाचा आलेख झरझर चढतो, सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर जातो आणि उतरतो. मूत्रनलिका अरुंद झालेल्याचा आलेख मात्र थोडा चढून पठारासारखा सपाट होतो आणि लांबत राहतो. रुग्णाने कितीही जोर केला तरी धार वाढत नाही.

ही नळी आकसते ती वणामुळे. अस्तराला इजा झाली की भोवतालच्या रक्ताने भरलेल्या मऊ ऊतीत वण धरतो आणि हळूहळू आवळत जातो. सायकलच्या दांडीवर जोरात आपटणे, अपघातात कटीचे हाड मोडणे, घाईने घातलेला कॅथेटर, प्रोस्टेटची दुर्बिणीतून झालेली शस्त्रक्रिया, लायकेन स्क्लेरोससचा त्वचाविकार अशी याची कारणे आहेत. पूर्वी परम्याचा वाटा मोठा होता. मार लागल्यानंतर कित्येक वर्षांनीही त्रास सुरू होऊ शकतो, त्यामुळे लहानपणी पडल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे.

निरोगी नळी आठ-दहा मिलिमीटरपर्यंत सहज फाकते. ती तीन मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत अनेकांना काही जाणवतही नाही, कारण मूत्राशयाचा स्नायू जास्त जोर लावून वेळ निभावतो. मग धार बारीक होते, फाटते, लघवी झाल्यावरही थेंब गळतात, वरचेवर जंतुसंसर्ग होतो. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून पुरुष महिनोन्‌महिने अंगावर काढतात. लघवी पूर्ण तुंबली तर मात्र तासाभराचाही उशीर नको.

अरुंद जागा नेमकी कुठे आणि किती लांब, हे नळीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेवर दिसते. उपचार त्यावरच ठरायला हवा. जागा आखूड असेल, पहिलीच वेळ असेल, तर दुर्बिणीतून छेद देणे रास्त आहे. पण तोच छेद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा देणे मला पटत नाही. प्रत्येक छेद ही नवी जखम असते, तिचाही वण होतो आणि आखूड जागा लांबत जाते. वारंवार अरुंद होणाऱ्या नळीवर ब्रिटनमध्ये ‘ओपन’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. दोन वर्षांत लक्षणांना मिळालेला आराम छेदाने आणि युरेथ्रोप्लास्टीने, म्हणजे नळीच्या पुनर्रचनेने, जवळपास सारखाच होता. पण पुन्हा उपचार करावे लागण्याची शक्यता युरेथ्रोप्लास्टीनंतर सुमारे निम्म्यावर आली. दर काही महिन्यांनी भूल घेणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

युरेथ्रोप्लास्टीत आखूड वण कापून दोन्ही टोके जोडता येतात. लांब वणासाठी गालाच्या आतले अस्तर वापरतात. ते सतत ओले राहायला सरावलेले असते, त्यावर केस नसतात आणि नव्या जागी ते चटकन रुजते. वरच्या दाढेसमोर लाळेच्या नलिकेचे तोंड असते. ते टाळून गालातून पट्टी काढतात, तिच्यामागची चरबी कात्रीने साफ करतात आणि ती उघडलेल्या नळीवर ठिगळासारखी टाक्यांनी पसरून बसवतात. पहिले दोन दिवस पट्टी खालच्या ऊतीतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या जोडल्या जातात. कॅथेटर साधारण तीन आठवडे ठेवतात.

संपूर्ण नळी आकसलेल्या रुग्णांसाठी पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी विकसित केलेली पद्धत जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात नळी एकाच बाजूने मोकळी करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू शाबूत राहतात. लिंगावर छेदही द्यावा लागत नाही.

आपल्याकडे एक अडचण मात्र हटकून येते. गुटखा, मावा, तंबाखू वर्षानुवर्षे खाल्लेल्या माणसाचा गाल आतून पांढरा, ताठ होतो, तोंड नीट उघडत नाही. असे अस्तर ठिगळासाठी निकामी ठरते. म्हणूनच शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सर्जन रुग्णाला आ करायला सांगतो.