पडद्याचा कारभारी

संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडली म्हणजे ती चालू केलेल्या प्रोग्रॅमनेंच उघडली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पडदा त्या प्रोग्रॅमच्या मालकीचा नसतो. लिनक्सवर पडद्याचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम निराळाच असतो. बाकीचे त्याच्याशीं जोडणी करितात, त्याच्याजवळ खिडकी मागतात, व कोणती कळ दाबली गेली हेंही त्याच्याचकडून ऐकतात.

या कारभाराच्या मुख्य पद्धति दोन. ‘एक्स’ ही १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत निघाली. ‘वेलँड’चा आरंभ २००८ सालीं झाला. दोहोंची भाषा भिन्न, तसे नियमही भिन्न. आपली खिडकी पडद्यावर अमुक जागीं ठेवावी, असें प्रोग्रॅम एक्सला सांगूं शकतो. वेलँड ती जागा स्वतः ठरवितो.

मग प्रत्येक प्रोग्रॅम दोनदां लिहावा काय? ‘जीटीके’ या साधनसंचानें ही अडचण दूर केली आहे. त्याच्या तळाशीं ‘जीडीके’ नांवाचा थर असून तींत प्रत्येक पद्धतीसाठीं एकेक दुभाषा असतो. त्यासच बॅकएंड म्हणतात. २०११ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून असे अनेक दुभाषे एकत्र नांदूं शकतात. प्रोग्रॅम सुरू होतांना ज्याची जोडणी जुळेल तो कामास लागतो. उघडलेल्या सर्व जोडण्यांची यादी एक व्यवस्थापक ठेवितो व त्यांतील एक मुख्य मानितो.

प्रोग्रॅम लिहूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, दुभाष्यास वगळून थेट एक्सच्या भाषेंत बोलूं नये. बोलणें भागच पडल्यास समोरची जोडणी एक्सचीच आहे ना, हें आधीं विचारून घ्यावें. नाहींतर आज नीट चालणारा प्रोग्रॅम उद्यां वेलँडपुढें कोसळेल. दुसरी ही कीं, कारभारी मध्येंच बंद पडला तर जोडणी तुटते आणि बहुधा प्रोग्रॅमही तत्काळ संपतो. न जपलेला मजकूर मग परत मिळत नाहीं. म्हणून मजकूर वरचेवर जपून ठेवण्याची सोय प्रोग्रॅममध्येंच करावी.

पडदा आपला नव्हे, हें ओळखून जो प्रोग्रॅम लिहिला जातो, तोच कारभारी बदलला तरी टिकतो.