ब्लॉक करा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या

“त्रास देतोय ना? मग ब्लॉक कर आणि विसरून जा.” मुलीने तक्रार केली की घरचे हेच सांगतात, मैत्रिणीही हेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ते बटण नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे सांगणारे फार थोडे.

ब्लॉक केलं की त्या माणसाला आपलं काहीच दिसत नाही, हा सगळ्यात रुळलेला गैरसमज. व्हॉट्सॲपवर त्याचे मेसेज, कॉल बंद होतात, त्याला तुमचं लास्ट सीन आणि स्टेटस दिसत नाही. पण सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये दोघंही असाल, तर तिथलं एकमेकांचं सगळं दिसत राहतं. एक्सवर तर नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेला माणूसही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकतो. त्याला उत्तर मात्र देता येत नाही. अकाउंट प्रायव्हेट केलं तरच वाचणं थांबतं.

म्यूट म्हणजे सौम्य ब्लॉक, असंही अनेकांना वाटतं. म्यूटमुळे त्याचं लिहिणं फक्त तुमच्या नजरेआड होतं. तुमच्या पोस्टखालची त्याची शिवीगाळ बाकीचे वाचतच असतात. डिसेंबर २०१३ मध्ये ट्विटरने (म्हणजे आजच्या एक्सने) ब्लॉकचंच असं म्यूट करून टाकलं होतं. त्रास सोसणारे इतके भडकले की कंपनीला तो बदल लगेच मागे घ्यावा लागला. कंटाळवाण्या माणसासाठी म्यूट ठीक आहे. धमक्या येत असतील तर मात्र त्या न दिसणं धोक्याचं. स्वतःला त्या वाचणं जमत नसेल तर विश्वासातल्या कुणाला तरी वाचायला द्या.

रोज वर्गात किंवा ऑफिसात समोर येणाऱ्याला ब्लॉक केलं तर तो आणखी चवताळेल, अशी भीती असते आणि ती खोटी नाही. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून त्यासाठी ‘रिस्ट्रिक्ट’ आहे. त्याने तुमच्या पोस्टवर टाकलेली नवी कमेंट त्याला नेहमीसारखी दिसते. तुम्ही मान्य करेपर्यंत ती इतरांना दिसत नाही. त्याला याची सूचनाही जात नाही.

पुरावा घाईत हातचा जातो, तो असा: इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताच त्या माणसाच्या तुमच्या पोस्टवरच्या कमेंट निघून जातात आणि अनब्लॉक केल्यावर परत येत नाहीत. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात मजकूर, तारीख आणि युजरनेम दिसू द्या, प्रोफाइलची लिंकही जपून ठेवा. मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक.

“ब्लॉक केलंस ना, आता विषय संपला,” हेही खरं नाही. पाच मिनिटांत नवं अकाउंट उघडता येतं. तिथून आलेला मेसेज पुसू नका. स्त्रीने स्पष्ट नकार दाखवूनही वारंवार संपर्क साधणं किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्लॉक करूनही तो येत राहिला, हे दाखवायला तेच मेसेज कामी येतात.

आणि “असा फोटो टाकलासच कशाला?” हा प्रश्न त्रास सोसणाऱ्या मुलीला विचारणं बंद करा. जीवाला धोका वाटला तर ११२ वर फोन. एरवी जवळचं पोलीस ठाणे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल. स्त्रिया आणि मुलांबाबतच्या अश्लील मजकुराची तक्रार त्या पोर्टलवर नाव न देताही करता येते.