जातीच्या रकान्यामागील श्रमजीवन : अकलोली परिसरातील पूर्वजांच्या कामधंद्यांचा शोध

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव गरम पाण्याच्या कुंडांमुळे व शेजारच्या वज्रेश्वरी देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. या परिसराविषयीच्या लेखनात कुंडे आणि मंदिर यांचा उल्लेख हमखास येतो. परंतु येथील सामान्य कुटुंबांचे पूर्वज ब्रिटिश काळात कोणकोणती कामे करून जगले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जात पडताळणीच्या निमित्ताने आज अनेक कुटुंबे पणजोबांच्या नोंदी शोधतात. हाती येणारी नोंद बहुधा पूर्वजाची जात सांगते, त्याचे काम सांगत नाही. हे काम कोणत्या साधनांतून व कोणती सावधगिरी बाळगून शोधता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोंदवहीतील रकान्यांचा फरक

एकाच साम्राज्यातील दोन प्रदेशांची तुलना येथे उपयुक्त ठरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत 1853 पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि त्या दाखल्यांत व्यवसायाचा रकाना होता. त्यामुळे विवाहाच्या वेळी सोन्याच्या खाणीत काम करणारा इसम पुढे अपत्याच्या जन्माच्या वेळी गाडीवान आणि मृत्यूसमयी शेतकरी म्हणून नोंदला गेला असेल, तर त्याचे बदलते आयुष्य वंशजांस केवळ दाखल्यांवरून उलगडता येते.

आपल्याकडे गावपातळीवरील जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे प्रचलित भाषेत ‘कोतवाल बुक’, नाव व जात यांवर भर देते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही जात आवर्जून लिहिलेली असते. 1872 पासून जनगणना झाली. परंतु घरोघरची मूळ पत्रके जतन न झाल्याने तिच्यातून एकूण संख्या मिळतात, व्यक्ती मिळत नाही. परिणामी जातीवरूनच धंदा गृहीत धरण्याची सवय लागते. कातकरी हे नाव कात तयार करण्याच्या धंद्यावरून आले. म्हणून कातकरी अशी नोंद असलेला प्रत्येक पूर्वज कातच काढीत होता, असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे कुणबी अशी नोंद जमिनीची मालकी सिद्ध करीत नाही.

बहुविध कामांचे आयुष्य

पावसाळ्यात भातशेती व उरलेल्या महिन्यांत मिळेल ते काम, हा या पट्ट्यातील श्रमजीवनाचा सर्वसाधारण क्रम होता. जंगलातील लाकूडतोड, कोळशाच्या भट्ट्या, गवतकापणी व वीटभट्ट्या ही कोरड्या ऋतूतील कामे होत. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलावर निर्बंध आले. भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून राब भाजण्याचा प्रश्न ठाणे जिल्ह्यात तीव्र झाला आणि 1885 मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे तो मांडला गेला.

याच काळात मोठी बांधकामे जवळ आली. 1853 मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत व 1854 मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली. 1865 मध्ये थळ घाटाचा मार्ग खुला झाला. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी नदीच्या वरच्या अंगास तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झाले. अशा कामांवरील मजूर बहुधा कंत्राटदार व मुकादम यांच्यामार्फत भरले जात; त्यांची नावे गावच्या दप्तरात येण्याचे कारण नव्हते. वेठबिगारीची तर नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

कामाची नोंद कोणाची राहते, हे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चरित्रावरून लक्षात येते. 1848 मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले, पुढे ‘दीनबंधू’चे संपादक व 1884 पासून गिरणी कामगारांचे नेते झाले. त्यांच्या आरंभीच्या नोकऱ्या आज ज्ञात आहेत, त्या त्यांच्या नंतरच्या सार्वजनिक कार्यामुळे. नेता न झालेल्या कामगाराच्या बाबतीत तोच क्रम विखुरलेल्या दप्तरांतून जुळवावा लागतो.

साधनांची जुळणी

या जुळणीत तीन प्रकारची साधने परस्परपूरक ठरतात. पहिले साधन महसुली दप्तराचे. 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर तयार झालेल्या फेरफार नोंदींतून वारसा, गहाण, खरेदी-विक्री यांचा माग लागतो. 1948 च्या कूळकायद्याशी संबंधित नोंदी जमीन प्रत्यक्ष कोण कसत होते हे दर्शवितात. जमीन हातची गेल्याचा काळ कळला, की कुटुंब मजुरीकडे केव्हा वळले असावे याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे साधन जन्मस्थळाचे. एकाच कुटुंबातील अपत्यांच्या नोंदी निरनिराळ्या गावी सापडल्या, अथवा शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मस्थळ दुसरे आढळले, तर आईवडील त्या काळी कामानिमित्त तेथे होते काय, हे तपासावे. अर्थात मुलाचा जन्म आजोळी झाला असण्याचीही शक्यता असते; म्हणून एकट्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. तिसरे साधन मौखिक परंपरेचे. ‘आजोबा धरणावर होते’ एवढे वाक्यही महत्त्वाचे. मात्र त्यांचे अंदाजे जन्मवर्ष आणि धरणाच्या बांधकामाचा काळ यांचा मेळ बसतो का, हे पाहिले पाहिजे. मेळ बसणे ही शक्यता होय, पुरावा नव्हे.

1882 मध्ये प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर पार्श्वभूमी समजण्यास उपयोगी पडते. तथापि त्यात जातिसमूहांची वर्णने आहेत, व्यक्तींची नाहीत, याचे भान ठेवावे लागते. शिवाय अनेक जुनी दप्तरे मोडी लिपीत असल्याने मोडीवाचन हे या अभ्यासाचे प्राथमिक साधन ठरते.

समारोप

जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गाच्या बाबतीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींच्या बाबतीत 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. ही गरज खरी आहे. परंतु नक्कल मिळताच शोध थांबतो आणि त्याच पानावरील इतर नोंदींकडे दुर्लक्ष होते. त्याच वेळी कागद जीर्ण होत आहेत व आठवणी सांगणारी पिढी मावळत आहे.

महाविद्यालयांना येथे कार्य करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या निमित्ताने आपल्याच घरातील एका पूर्वजाची कालानुक्रमे कामांची यादी तयार करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कागदावरून घेतली, ऐकली की अनुमानाने मांडली, हे स्पष्ट लिहावे. अशा काही याद्या एकत्र आल्या तरी अकलोलीसारख्या गावाचा इतिहास केवळ कुंडांचा व देवस्थानाचा न राहता तो कष्ट करणाऱ्या माणसांचाही होईल.