चाकांवरचं घर (भाग ६) : चढताना श्रीनगर, उतरताना मनाली

नरडाण्याच्या चौफुलीवरून आग्रा रोडला लागलं की शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर. पार दिल्लीपर्यंत मोटरहोमवाल्याला फारसं डोकं चालवावं लागत नाही. पंप, ढाबा, पंक्चरवाला, सगळं हाकेच्या अंतरावर. नियोजनाचा खरा कस लागतो तो लडाखच्या रस्त्यावर. मागच्या भागात गाडीची नोंदणी आणि आरटीओचे नियम पाहिले. आज रस्ता ठरवू.

लेहला जायला दोन वाटा आहेत. मनालीची वाट बहुतेकांच्या तोंडी असते. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढही टळला. मोटारसायकलवाले आणि जीपवाले जिस्पाला मुक्काम करून भल्या पहाटे निघतात आणि रात्रीपर्यंत लेह गाठतात. आपली गाडी मात्र घर पाठीवर घेऊन चालते. घाटात ताशी वीस-पंचवीसचा वेग मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे वाटेत सरचू नाहीतर पांगला झोपावंच लागणार, आणि गोम इथेच आहे.

जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, सरचू जवळपास ४,३०० मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथे ती हजारावर वाढते. आपण तापीकाठचे, दोन-अडीचशे मीटरवर जन्म काढलेले लोक. डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं इथपर्यंत ठीक. पण बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असो की पहाट, गाडी खालीच न्यावी लागते. गादी कितीही मऊ असली तरी ऑक्सिजन बाहेर आहे तेवढाच आत असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोटरहोमनं जाताना श्रीनगरहून चढावं आणि येताना मनालीकडे उतरावं. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत, कारगिल २,७०० च्या आत. झोजिला आणि फोटुला या खिंडी उंच खऱ्या, पण त्या दिवसा ओलांडायच्या, तिथे झोपायचं नाही. मग लेहला पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. या वाटेवर गावं आणि पंपही अधिक आहेत. तोटा एकच: जम्मू ते श्रीनगरच्या पट्ट्यात, विशेषतः रामबनजवळ, दरड कोसळून रस्ता अडतो. तेव्हा एक-दोन दिवस हातात राखूनच निघा.

परतीला शरीर सरावलेलं असतं. सरचूची रात्र तेव्हा जड जात नाही. हिशेब उरतो डिझेलचा. मनालीच्या बाजूला टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे. आपण उलटे येणार, म्हणजे लेह किंवा कारूला टाकी काठोकाठ भरायची आणि टांडीपर्यंत डिझेल मिळणार नाही असंच धरायचं. सपाटीला दहाचा ॲव्हरेज देणारी गाडी इथे सहावर आली, तर साठ लिटर लागतात. टाकी सत्तर लिटरची असेल तर जमतं. पण वाटेत कुठे फाटा फुटून त्सो कार सरोवर बघायला वळलात, तर हिशेब कोलमडतो.

याच वाटेवरची टांगलांगला खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, इंजिनाचा दम घटतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. चढापूर्वी पाण्याची टाकी अर्धीच ठेवा. रात्री तीही मोकळी करा. नळीत राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि सिंकखालचा प्लास्टिकचा जोड तडकवतं. म्हणून झोपण्याआधी पंप बंद करून तळाचा कॉक उघडायचा, नळ उघडे ठेवायचे आणि पहाटेच्या चहापुरतं पाणी बाटलीत भरून पांघरुणाशी ठेवायचं.

स्वयंपाकाचंही तसंच. सरचूला पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन् तास रटरटली तरी दाताखाली येते. कुकर हवाच. घरगुती गॅसमध्ये ब्युटेन बरंच असतं आणि शून्याच्या आसपास त्याचा वायू होणं मंदावतं. सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मिणमिणते, ती म्हणून. पेटलेल्या शेगडीवर गाडी ऊबदार करण्याचा मोह मात्र टाळा. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच जीव जातो.

निघण्याआधी फोनचंही बघून ठेवा: परराज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या.

निघायचं कधी? सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. हिमाचलात पाऊस ओसरू लागतो, नाल्यांचं पाणी उतरतं आणि आपल्याकडे कापूस वेचणीचा जोर अजून सुरू झालेला नसतो. महिना संपत आला की मनालीच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो. पुढच्या आठवड्यात मोटरहोममधल्या संडासाचा आणि सांडपाण्याचा विषय घेऊ. सिंधूच्या काठावर टाकी रिकामी करणाऱ्यांना त्यात चार शब्द सुनवायचे आहेत.