लेकराची बाळबांधणी



उसाची बाळबांधणी चुकली तर पुढे कितीही खत टाका, एकरी टनेज हाती लागत नाही, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही. नांग्या कधी भरायच्या, मोठी बांधणी कधी करायची, याच्या तारखा आपल्या तोंडपाठ. पण घरातले लेकरू कोणत्या महिन्यात बसायला पाहिजे, कधी बोलायला पाहिजे, असे विचारले की आपण म्हणतो, "ते बायकायले माहीत."

मागच्या हंगामात आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. एक जुने सभासद नातवाला घेऊन आले. पोरगा साडेतीन वर्षांचा, अंगाने चांगला, डोळे तरतरीत. पण हाक मारली तर वळून पाहीना. आम्ही विचारले तर आजोबा म्हणाले, "आमच्या घरी सगळेच उशिरा बोलते. याचा बाप बी तीन सालाचा झाल्यावर बोलला." सूनबाई खालमानेने उभी होती. मग हळूच म्हणाली, "दिवाळीत फटाके वाजले तं हा झोपूनच होता. आठ महिन्यांचा होता तेव्हा. मी तवाच सांगितलं होतं." अंगणवाडीताईनेही वहीत टिपले होते. पण ऊस तोडणीला आला होता, मग कापूस वेचणी, मग लग्नसराई. अशी तीन वर्षे गेली.

आता त्याला कानाचे यंत्र मिळाले आहे आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आई त्याला नेते. पण पहिल्या वर्षी लागले असते ते यंत्र चौथ्या वर्षी लागले. बोली शिकण्याचा मुख्य काळ पहिल्या दोन-तीन वर्षांचा. ऐकू न येणारे लेकरूही सुरुवातीला हुंकार देते, आवाज काढते, म्हणून घरच्यांची फसगत होते. झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही कानाची तपासणी यंत्रावर होते. त्याने बोलून दाखवावे लागत नाही. हे आजोबांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हते.

वास्तविक हा विषय वर्ध्याला नवा नाही. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची हद्द शाळेच्या वयापलीकडे नेली. शिक्षण जन्मापासून सुरू होते आणि आईपासून सुरू होते, असा तो विचार. त्याच साली तिकडे बोर्डीला ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम उभे केले, पुढे १९५७ पासून अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर चालले. आपण आज अंगणवाडी म्हणतो ती कल्पना तिथली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला निघाली, म्हणजे ३० वर्षांनी.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची एक गोष्ट जुन्या कास्तकारांना आठवत असेल. १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय झाले. पुढे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीनवाल्याने जास्त, मजुराने कमी, आणि गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच योजना. आपल्या शेअर्ससारखाच हा मामला! आता ज्वारी पेरतो कोण, ते सोडा. पण दवाखाना म्हणजे दान नव्हे, आपला भाग आहे, ही समज त्यातून आली.

आजची सोय कशी आहे ते सांगतो. बाळंतपण दवाखान्यात झाले असले तरी पहिल्या ४२ दिवसांत आशाताई ६ वेळा घरी येऊन बाळ पाहते. तान्ह्या बाळाला घरी जाऊन पाहण्याची ही रीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून दाखवली. अभय बंग आपल्याच सेवाग्रामच्या मातीत वाढलेले. ताईला दारातून परत पाठवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मतः वाकडे पाऊल, फाटलेला ओठ, हृदयाचे छिद्र, मोतीबिंदू, बहिरेपणा, वाढीतला उशीर, हे सारे त्यात येते, आणि पुढचा उपचारही मोफत. वाकडे पाऊल तर पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केले की बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते.

दोन-तीन महिने होऊनही बाळ आईकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांत मान सावरत नाही, दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर पथकाची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आईला शंका आली तर तेवढे कारण पुरे आहे. फार तर काही निघणार नाही, एक मजुरी बुडेल. बाळाचे लसीकरणाचे कार्ड आणि आधीचे सगळे कागद सोबत न्या. आमच्या माहितीतल्या एका बापाला एका कार्यालयाने एका झेरॉक्ससाठी तीन चकरा मारायला लावल्या.

आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्यावरच आहे. फडावरच्या टोळीची लेकरे. पथक त्यांच्या गावी येते तेव्हा ती आपल्या बांधावरच्या कोपीत असतात, आणि आपल्या गावच्या अंगणवाडीच्या यादीत त्यांचे नाव नसते. दोन्हीकडून सुटतात. ज्याच्या शेतात टोळी उतरली त्याने मुकादमाला विचारून सहा वर्षांखालची लेकरे किती ते अंगणवाडीताईला कळवावे. याला पाच मिनिटे लागतात.

पथकाच्या तारखा गट ऑफिसच्या फळ्यावर ऊसतोडीच्या कार्यक्रमाशेजारीच लिहाव्यात, अशी विनंती आम्ही शेतकी विभागाला केली आहे. चिटबॉयनी त्या फडावर सांगायच्या आहेत. तुमच्या गटात फळा कोरा दिसला तर आम्हाला कळवा.