बंब गाडीत चढला!

बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे ठाम मते आहेत. त्याने सकाळी फिरायला जावे, भाजी आणावी आणि कोणी विचारले नसतानाही मुदतठेवीचे व्याजदर सांगावेत. हे सगळे मी इमानेइतबारे केले. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली, की आमच्या सोसायटीतले लोक अजूनही माझ्याकडे जरा काळजीने पाहतात. मी खेळ रचण्याच्या स्पर्धेत भाग घेतला!

खेळ म्हणजे कॅरम किंवा पत्ते नव्हेत. त्याचे असे झाले. आमची मुक्ता नोकरीला लागली, तेव्हापासून दर शनिवारी तिचे चार-पाच मित्रमैत्रिणी आमच्या दिवाणखान्यात जमतात. कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे घेऊन रात्री अकरापर्यंत बसतात. फासे पाहून मी प्रथम दचकलोच. जुगार म्हटला, की बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण पैशाचा व्यवहार कुठे दिसेना. दिसे ते एवढेच, की एकजण म्हणतो, “समोर नदी आहे, पूल मोडला आहे, मागून घोडेस्वार येताहेत. काय करता?” आणि बाकीचे आपापल्या परीने उत्तर देतात.

यालाच ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राने काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. बहुधा कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळे मिळून एक गोष्ट तयार होते. एकदा आमची सौ. त्यांना चहा द्यायला गेली, तर त्यांनी तिला राजमाता करून टाकले. अर्ध्या तासाने ती परत आली ती दोन सरदारांना हद्दपार करून!

तसे पाहिले तर आपल्याला यात नवे काय आहे? भातुकली म्हणजे दुसरे काय? कोणी आई होतो, कोणी पाहुणा होतो, आणि चुरमुऱ्यांचा भात सगळे चवीने खातात. फरक इतकाच, की भातुकलीचे नियम कोणी लिहून ठेवले नाहीत. अमेरिकेत ते लिहिले गेले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार. आज अशा खेळांची संख्या मोजणे कठीण आहे.

स्पर्धांचे पीक

खेळ आले तशा ते रचण्याच्या स्पर्धाही आल्या. २००२ साली ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने नव्या काल्पनिक जगाची कल्पना मागवली. पहिल्या फेरीला अट एकच, सगळे एका पानात लिहायचे. सुमारे ११,००० पाने आली! त्यांतून कीथ बेकर या लेखकाची निवड झाली आणि त्याचे ‘एबेरॉन’ हे जग २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच २००२ साली माइक होम्स यांनी ‘गेम शेफ’ नावाची दुसरी एक गंमत सुरू केली. पाककलेच्या स्पर्धेत जसे ठरावीक जिन्नस देतात, तसे येथे काही शब्द द्यायचे आणि थोड्या दिवसांत त्यांतून खेळ शिजवायचा. आणि २०१५ साली डेव्हिड शर्डुआन यांनी तर कमाल केली. अख्खा खेळ, नियमांसकट, दोनशे शब्दांत!

दोनशे शब्द म्हणजे किती? आमच्या बँकेत रजेचा अर्ज नाकारण्याचे पत्र याहून मोठे असे.

अशाच दोनशे शब्दांच्या एका परदेशी स्पर्धेची माहिती मुक्ताने मला दाखवली. प्रवेश-फी नाही, बक्षीसही नावापुरतेच, मुदत तीन आठवड्यांची. “बाबा, तुम्ही आयुष्यभर नियमच लिहिलेत,” ती म्हणाली. “एकदा खेळाचे लिहून बघा.” तिला थट्टा करायची होती. मी ती मनावर घेतली.

परिपत्रक क्रमांक एक

विषय शोधायला वेळ लागला नाही. सदाशिव पेठेतला आमचा वाडा २०११ साली पुनर्विकासासाठी पाडला. तीन पिढ्यांचे सामान आणि दोन खोल्यांची तात्पुरती जागा, असा तो प्रसंग होता. त्यावरच खेळ रचायचा ठरवला. एक कुटुंब घर सोडते आहे, दारात टेम्पो उभा आहे, सगळे मावणार नाही. काय न्यायचे आणि काय टाकायचे?

आठ दिवसांत मी एकतीस पाने लिहिली. टेम्पोची मापे घनफुटांत दिली. बेचाळीस वस्तूंची यादी वजनांसह केली. उतरंड, पाटा-वरवंटा, देव्हारा, शिवणयंत्र, काही सोडले नाही. प्रत्येक वस्तूला गुण, फुटल्यास दंड, आणि नियम सात (ब) ला तीन अपवाद. दोनशे शब्दांचे नंतर पाहू, आधी खेळ पक्का होऊ दे, असा माझा विचार होता.

रविवारी दुपारी पहिली चाचणी झाली. सूत्रधार अर्थात मी. नियम समजावण्यातच चाळीस मिनिटे गेली. खेळ सुरू झाल्यावर थोरल्या सुनेच्या भूमिकेतली आमची सौ. म्हणाली, “मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेईन. त्याला टेम्पोत जागा कशाला हवी?”

मी म्हणालो, “तसं करता येत नाही. नियम अकरा बघ.”

“मग तुम्हीच खेळा ना एकटे!” ती म्हणाली आणि पोह्यांना फोडणी द्यायला उठून गेली. खेळ तिथेच आटोपला.

त्या संध्याकाळी मुक्ताने मला एक हकीकत सांगितली. १९६९ साली अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, डेव्हिड वेझली नावाच्या एका तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. गाव काल्पनिक, नाव ब्राउनस्टाइन. लढाईआधी गंमत म्हणून त्याने काही खेळाडूंना गावातली पात्रे दिली. एकजण नगराध्यक्ष, एकजण विद्यापीठाचा कुलगुरू, एकजण चक्क बँकर. झाले काय, तर ही मंडळी आपापसांत खलबते करू लागली, दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि त्याचे नियम तर वेझलीपाशी नव्हते! सगळा गोंधळ झाला. आपला प्रयोग पुरता फसला, असे त्याला वाटले. खेळाडू मात्र खूश. ते म्हणाले, पुन्हा मांड! त्या मंडळींतच डेव्ह आर्नेसन होता. पुढे १९७४ साली जे निघाले त्याचे एक मूळ या फसलेल्या प्रयोगात आहे.

“बाळकृष्ण पदरात बांधला तेव्हाच खेळ सुरू झाला होता, बाबा,” मुक्ता म्हणाली. “तुम्ही तो बंद पाडलात.”

ऐकून राग आला. पण रात्री झोप लागेना, तेव्हा तिचे म्हणणे पटले. बँकेतला नियम माणसाने काही भलतेसलते करू नये म्हणून असतो. खेळातला नियम माणसाने काहीतरी करावे म्हणून असतो. ही साधी गोष्ट कळायला मला एकतीस पाने लागली.

कात्री

मग छाटणी सुरू झाली. आधी दंड गेले, मग गुण गेले, मग घनफूट गेले. एकेक अपवाद काढताना दात काढल्यासारखे वाटे. पण दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही राहत नसे. शेवटी बेचाळीस वस्तूंची यादी उरली. ती ठेवली तर निम्मे शब्द तीच खाणार. जड मनाने तीही काढली आणि एक ओळ लिहिली, ‘प्रत्येकाने घरातल्या दोन वस्तू चिठ्ठ्यांवर लिहाव्यात.’

उरलेला खेळ असा होता. चारजण एका कुटुंबातली माणसे होतात. चिठ्ठ्या मध्ये मांडतात. पाळीपाळीने एकेकजण एक चिठ्ठी उचलतो आणि त्या वस्तूची एक आठवण सांगतो. दुसरा कोणीही त्याला एकच प्रश्न विचारतो. सगळ्यांचे सांगून झाले, की प्रत्येकाने आपले तीन चिंचोके हव्या त्या चिठ्ठ्यांवर ठेवायचे. ज्या वस्तूवर चार किंवा अधिक चिंचोके पडतील ती गाडीत चढेल. बाकीच्या मागे राहतील. सूत्रधार नाहीच!

इंग्रजी करताना आणखी एक धडा मिळाला. चिंचोक्याला इंग्रजीत दोन शब्द लागतात, घेवड्याच्या बीला एक पुरतो. तेव्हा इंग्रजीत चिंचोका गेला आणि घेवडा आला. शब्द मोजून खर्च करायची वेळ आली, की माणूस आपोआप काटकसरी होतो.

मी नसताना

मुक्ता म्हणाली, “आता हा खेळ अशा लोकांनी खेळायला हवा, ज्यांना तुम्ही तो समजावून सांगितलेला नाही. आणि तिथे तुम्ही नसायला हवं.” मला न विचारता तिने मराठी कागद नाशिकला, माझ्या थोरल्या भावाकडे पाठवून दिला. फोन करायची मला बंदी.

इथे घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वाड्यात आईचा तांब्याचा बंब होता. नरकचतुर्दशीला पहाटे चारला तो पेटे, आणि पहिल्या स्नानाचा मान दादाचा. वाडा सोडायच्या गडबडीत तो बंब मी मोडीत घातला. वजनावर पैसे घेतले. दादा त्या दिवशी नाशिकला होता. त्याला कळले ते नंतर. तो एक शब्द बोलला नाही. पण पुढे आमचे बोलणे पाडव्याच्या फोनापुरते उरले, आणि त्या फोनावर ‘बंब’ हा शब्द दोघांपैकी कोणी कधी उच्चारला नाही. माझ्या बेचाळीस वस्तूंच्या यादीत सगळे घर होते. बंब तेवढा नव्हता.

शनिवारी सकाळी फोन वाजला.

“तुझ्या खेळात काल बंब गाडीत चढला,” दादा म्हणाला.

मला काय बोलावे ते सुचेना. शेवटी विचारले, “किती चिंचोके पडले?”

“सहा. माझे तिन्ही, तुझ्या वहिनीचे तिन्ही. पण खेळात एक खोट आहे. सूनबाईचं शिवणयंत्र तीनवर अडकलं. ती गप्पच झाली. तुझ्या नियमांत तिला बोलायला जागाच नाही. ज्याची वस्तू मागे राहिली, त्याला शेवटचं बोलू दे.”

मी म्हणालो, “दादा, बंब मोडीत घातला तेव्हा तुला विचारायला हवं होतं.”

“हवं होतं,” तो म्हणाला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, “शब्द किती झालेत तुझे?”

शब्द बरोबर दोनशे झाले होते. दादाचा नियम बसवायला इंग्रजीत बारा शब्द लागत होते. सुरुवातीला मी एक कोटी केली होती, माझ्या मते चांगली होती. ती काढली.

निकाल

खेळ पाठवला. त्या स्पर्धेत प्रत्येकाने इतरांचे चार खेळ वाचून अभिप्राय द्यायचा असे. हे काम मला आधी वेठ वाटले. प्रत्यक्षात सर्वांत जास्त शिकलो ते इथेच. दुसऱ्याच्या कागदावर ‘हे करता येणार नाही’ असे वाक्य दिसले, की माझा नियम अकरा आठवे. आणि एकाही ठिकाणी लेखक शेजारी बसून ‘मला असं म्हणायचं होतं’ असे सांगायला नव्हता. कागदावर जे आहे तेवढेच आहे.

माझ्या खेळावर दोन अभिप्राय आले. एकाला तो फार संथ वाटला. दुसऱ्याने तो मित्रांबरोबर खेळून पाहिला होता. त्यांच्यातल्या एकाने चिठ्ठीवर अंगणातले झाड लिहिले आणि त्यावर पाच बिया पडल्या. झाड गाडीत चढणार कसे, हे नियमांत नव्हते. त्यांनी मग एक फांदी नेली. नियम कमी पडला याचे मला वाईट वाटायला हवे होते. पण वाचून मी सौ.ला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवले.

ती म्हणाली, “आणि माझा बाळकृष्ण तेवढा चालत नव्हता!”

अंतिम फेरीच्या यादीत माझे नाव नव्हते. वाचकांपैकी कोणाला अशा स्पर्धेत उतरावेसे वाटले, तर मी एवढेच सांगेन: आधी खेळून पाहा, मग लिहा, लिहिलेले दुसऱ्याच्या घरी पाठवा, आणि तिकडे फोन करू नका. आपण यादी पूर्ण केली, की तीत आपल्यालाच ठाऊक असलेले येते, तेही सगळे नाही. जागा मोकळी ठेवली, तर आपण टाळलेलेही कोणीतरी चिठ्ठीवर लिहितो.

यंदा नरकचतुर्दशीला दादा आणि वहिनी आमच्याकडे येणार आहेत. पाणी गीझरचेच असेल. पण पहिल्या स्नानाचा मान दादाचा. आणि चिंचोके मुक्ताने आत्तापासूनच धुऊन, पुसून डब्यात भरून ठेवले आहेत.