तिकीट काढून भुताच्या घरात

दोस्तांनो, पैसे मोजून कोणी घाबरायला जातं का? अमेरिकेत जातात, बरं का! पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्टच्या ओसाड इमारतींत २०१० पासून हॅलोविनच्या सुमारास 'भुताचं घर' सुरू झालं. काळोखे बोळ, रंगवलेले चेहरे, एकदम कानाशी किंकाळी! भुतं अर्थात पगारी.

इमारती मात्र खऱ्या. १९०८ साली इथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामाणसांची संस्था निघाली. पुढे गर्दी इतकी वाढली, की सांभाळणारे हात पुरेनात. कित्येक मुलं दिवसचे दिवस खाटेवरच पडून असत. १९६८मध्ये बिल बाल्दिनी या वार्ताहराने हे टीव्हीवर दाखवलं, तेव्हा लोक हादरले. १९७४मध्ये खटला उभा राहिला आणि १९८७ साली संस्था बंद झाली. तिथली माणसं छोट्या घरांत, चारचौघांच्या शेजारात राहायला गेली आणि तिथे अधिक गोष्टी स्वतःच्या स्वतः करू लागली.

म्हणूनच 'भुताचं घर' निघताच अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे चिडले. ज्यांनी इथे सोसलं, त्यांचीच भुतं करून तिकिटं विकायची? मला तर त्यांचंच म्हणणं पटतं. तुम्ही काय कराल, तिकीट काढाल? आईबाबांनाही विचारा.